चुडीवालीच्या अंगठ्याचा दावा

दवाखान्यात भरती करताना जो कागद भरतात, त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. माझ्या कागदावर त्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेलं आहे. तीसेक वर्षं मी सावली, चामोर्शी, गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत आणि दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत बसून बायकांच्या हातांत चुड्या भरल्या. नवरा गेला तेव्हा डोक्यावर एक टोपली होती, आज मूल गावात पक्कं दुकान आहे. आणि कागदावर काय, तर घरकाम.

हा शब्द सांगणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, माझाच मुलगा. तो ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या कर्मचाऱ्यांची बस चालवतो. माझ्या अपघाताचा फोन आल्यावर तो धावत आला, खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "आई काय करतात?" आणि हा म्हणाला, "घरीच असते."

नंतर तो म्हणायचा, "घाबरलो होतो अम्मा, तोंडातून निघून गेलं." मला ते पटलं नाही. त्याचं लग्न झाल्यापासून तो माझ्या मागे लागला होता की आता बाजार बंद कर, लोक विचारतात. कोण लोक, ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्यामुळे पुढचे कित्येक महिने मी त्याच्याशी सरळ बोललेच नाही. समोर बसून तो विचारायचा, "अम्मा, चहा घेते का?" आणि मी सुनेला सांगायची, "त्याला सांग, घेते." सून बिचारी दोघांच्या मध्ये बसून टपाल पोचवायची.

अपघात तसा दोन मिनिटांचा. मार्कंड्याची यात्रा आटोपून मी काळी-पिवळी जीपनं परत येत होते. मागच्या बाकावर बसले होते, मांडीवर उरलेल्या चुड्यांची पेटी. चामोर्शीच्या पुढे रेतीच्या टिप्परनं मागून धडक दिली आणि जीप रस्त्याच्या खाली, कापणी झालेल्या धानाच्या बांधीत जाऊन आडवी झाली. सगळे वाचले. एका म्हाताऱ्याचं नाक फुटलं आणि माझा उजवा हात पेटी आणि बाकाच्या लोखंडामध्ये सापडला. अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं, शीर तुटली. ऑपरेशन झालं, तारा घातल्या, तारा काढल्या. हात दिसायला पहिल्यासारखा झाला. फक्त अंगठा आत वळेना आणि त्यात जोर राहिला नाही.

ज्यांनी चुड्या फक्त घातल्या आहेत, भरल्या नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. काचेची चुडी हातात जाते ती भरणारीच्या अंगठ्यामुळे. गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात घ्यायचा, दाबून बघायचं हाडाचा आहे की मांसाचा, मग चार बोटं जुळवून तिच्या अंगठ्याखालची गादी आपल्या अंगठ्यानं आत दाबून धरायची आणि त्याच दमात चुडी सरकवायची. दाब कमी पडला तर चुडी अडते, जास्त झाला तर बाई किंचाळते. साबण लावून तर कोणीही भरेल. साबणाची वाटी जवळ ठेवणाऱ्या चुडीवालीला आमच्यात कोणी विचारत नाही. भरताना काच फुटली तर नुकसान आमचं आणि लाजही आमचीच. आणि ज्या हातावर फुटली, तो हात त्या दिवशी रिकामा पाठवायचा नाही, हा नियम.

मी दावा करायचं ठरवलं तेव्हा चंद्रपूरच्या एका वकिलांकडे गेले. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा चुडा मीच भरला होता, म्हणून ओळख. आधी त्यांच्या फीवर अर्धा तास गेला.

"चाची, तुम्ही भाजी घेऊन राह्यल्या का?" ते म्हणाले.

"भाजीवाला तरी वरून कोथिंबीर देते जी. तुम्ही काय द्यान?"

ते हसले आणि फी थोडी उतरवली. मग माझ्याकडचे कागद बघायला लागले. पोलिसांचा गुन्ह्याचा कागद, पंचनामा, औषधांची बिलं, सगळं होतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र त्यांचं बोट थांबलं.

"घरकाम?"

"ते चुकीचं हाये."

"चुकीचं आहे हे आपण म्हणतो. समोरची विमा कंपनी म्हणणार, घरात बसणाऱ्या बाईचा अंगठा थोडा आखडला, त्यात कमाई कुठे बुडाली? तुम्ही धंदा करता याचा पुरावा काय?"

"सारा बाजार सांगन."

"सारा बाजार कोर्टात मावत नाही, चाची. कागद पाहिजे. बाजारात बसायची पावती असते ना? दर आठवड्याची?"

पावती माझ्याकडे एकही नव्हती. बाजारात बैठकीचे पैसे वसूल करायला ठेकेदाराचा माणूस यायचा. मी पहिल्या वर्षापासून त्याच्याशी घासाघीस करून ठरवून टाकलं होतं की मी अर्धे पैसे देईन आणि तू पावती फाडू नको. दोघांचाही फायदा. मी स्वतःला फार हुशार समजायची. बाकीच्या बायका पूर्ण पैसे देऊन पावती कमरेला खोचायच्या, तर मी त्यांना हसायची. आता वकिलांसमोर बसून माझ्या लक्षात आलं की पैसा पैसा वाचवून मी कागदावरून स्वतःलाच पुसून टाकलं होतं.

वकील म्हणाले, "बरं. ते बघू. आधी अंगठ्याच्या अपंगत्वाचा दाखला आणा. तोच मुख्य."

दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांसमोर जावं लागलं. त्या दिवशी मी नवी साडी नेसले आणि हाताला तेल लावून चोळून घेतलं. डॉक्टर म्हणाले, ग्लास उचला. मी उचलला. पेन धरा. धरला. बटण लावा. लावलं. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत जात होती, पण मी चेहरा हलू दिला नाही. ग्लास मी बोटांवर तोलला होता, बटण नखानं ढकललं होतं. माझा हात चांगला आहे हे त्यांना दाखवायचा मला असा काही जोर चढला होता, की जणू ते हात विकत घ्यायला आले आहेत. वरून मी म्हणाले, "आता बरंच बरं हाये साहेब."

दाखल्यावर त्यांनी अगदी किरकोळ टक्का लिहिला.

वकिलांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाची, तुम्ही तिथं काऊन गेल्या होत्या? दाखला आणायले की लग्न जमवायले?"

मी चिडले. त्यांच्यावर चिडले, डॉक्टरांवर चिडले, बसमध्ये कंडक्टरवर चिडले. घरी येऊन सुनेला म्हणाले, "साऱ्यांचा हिशेब एकच, चुडीवालीचं काम हे काम नाही." सून भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, "अम्मा, पण ग्लास तर तुम्हीच उचलला ना?"

 तीस वर्षं मी तडा गेलेली चुडी डझनाच्या आत सरकवून बांधत आले. मालाची खोट समोर ठेवायची नाही, हे अंगात इतकं भिनलेलं की जिथे खोटच दाखवायला बोलावलं होतं तिथेही मी ती आतल्या बाजूला सरकवली.

त्याच रात्री झोपण्याआधी सुनेनं एक गोष्ट काढली. तिच्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम तिच्याकडे होता. त्यात चुडा भरतानाचा फोटो होता. नवरी हसते आहे, तिच्या आजूबाजूला बायका, आणि फोटोच्या एका कडेनं आलेले दोन हात. चुडीवालीचं डोकं फोटोवाल्यानं कापून टाकलेलं. "अम्मा, हा तुमचा हात." माझ्या उजव्या हातावर मनगटाच्या वर लहानपणी चुलीवर भाजल्याचा डाग आहे, चिंचोक्याएवढा. फोटोत तो डाग स्पष्ट दिसत होता.

मला आधी रागच आला. सुनेनं मात्र विचारलं, "अजून किती घरी असे फोटो असतील?"

पुढचे दोन महिने आम्ही दोघी त्या फोटोंमागे फिरलो, आणि खरं सांगायचं तर ते दिवस माझे फार चांगले गेले. धंदा बंद, हात रिकामा, आणि ज्या गावांत मी फक्त बाजाराच्या दिवशी घाईघाईत गेले होते तिथे आता पाहुणी म्हणून जात होते. एसटीनं सकाळी निघायचं, तिसऱ्या प्रहरी परत. प्रत्येक घरी अल्बम निघायचा, त्यासोबत चहा निघायचा, बऱ्याच ठिकाणी जेवणही. एका घरी वडीचा रस्सा आणि नव्या तांदळाचा भात असा जमला होता की आम्ही फोटो घ्यायचं विसरून बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो.

"चाची, आमच्या पोरीच्या लग्नात तुम्ही होत्या का नाई, मले आठवत नाई," एक म्हातारी म्हणाली. तिच्या सुनेनं अल्बम उघडला आणि ओरडली, "हे पाहा ना माय, हा डाग!" मग सगळं घर गोळा झालं. माझ्या हातावरचा डाग फोटोतल्या डागाशी जुळवून बघायचा खेळच झाला. एक जुना फोटो तर असा, की त्यातली नवरी आता आजी झालेली. तिनं तो फोटो भिंतीवरून खिळ्यासकट काढून दिला आणि म्हणाली, "काम झालं की आणून देजा. नाई तर मी तुमच्या दुकानात येऊन बसन."

पिशवीभर फोटो वकिलांच्या टेबलावर ओतले. ते एकेक उचलून बघत गेले. जुन्या वर्षांपासून अलीकडच्या वर्षांपर्यंत नवऱ्या बदलत गेल्या, साड्या बदलल्या, आणि हात तोच. डोकं एकाही फोटोत नव्हतं.

"फोटोवाल्यांनी उपकारच केले," वकील म्हणाले. "तोंड बदलतं, डाग बदलत नाही." मग त्यांनी त्या बायकांपैकी सहा जणींची शपथपत्रं करून घेतली आणि अंगठ्याची पुन्हा तपासणी व्हावी म्हणून अर्ज लावला. मला बजावून सांगितलं, "या वेळी जे होत नाही ते होत नाही म्हणून दाखवायचं. कळलं?"

पुन्हा तेच डॉक्टर. या वेळी माझ्यासोबत सून होती आणि सुनेच्या मांडीवर चुड्यांची पेटी.

डॉक्टर म्हणाले, "चाची, मागच्या वेळी तर तुम्ही सगळं व्यवस्थित केलं होतं. आता अचानक हात बिघडला?"

"हात तोच हाये साहेब. मागच्या वेळी मी खोटं वागली. दुखत होतं ते लपवलं."

"आणि आज दुखत नाही ते दुखतं म्हणून दाखवत नाही, हे मी कसं ओळखायचं?"

प्रश्न बरोबर होता. फिरोजाबादचा माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला मी जन्मभर असेच प्रश्न विचारले. तरीही माझं डोकं तापलं. "मले चुड्या भरू द्या," मी म्हणाले. "माझ्या हाताकडं नका पाहू, तोंडाकडं पाहा."

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं. दारात उभी असलेली नर्स पुढे आली आणि तिनं हात पुढे केला. "मले भरा चाची. माझी ड्यूटी संपतच आली."

मी दचकले. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. सवाशणीच्या हातावर काच फुटलेली कोणालाच चालत नाही, आणि मी तर फुटणार हे माहीत असून भरायला बसणार होते. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग नका फुटू देऊ जी."

डाव्या हातानं मी तिचे दोन्ही हात दाबून बघितले. "डावा दोन-चार, उजवा दोन-सहा."

"दुकानवाला तर दोन्ही हातांत एकच माप देते."

"म्हणून तुह्या उजव्या हातावर ओरखडे हायेत."

तिनं हात वळवून बघितला. डॉक्टरांनीही बघितला.

मग मी उजव्या हातानं पहिली चुडी भरायला घेतली. गादी आत दाबली, अंगठा घसरला, चुडी सांध्यावर फुटली. दुसरी घेतली, तीही तिथेच गेली. तिसऱ्या वेळी मी दात आवळून अशी दाबली की चुडी सांधा ओलांडून अर्ध्यावर आली. मला वाटलं गेली. तेवढ्यात अंगठ्यातला जोर एकदम संपला आणि काच तुटून नर्सच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

इतक्या वर्षांत चुड्या फुटल्या असतील, पण गिऱ्हाइकाचं रक्त मी काढलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला कोर्ट, दावा, टक्का, काही आठवत नव्हतं. मी चौथी चुडी उचलली.

"बस करा चाची," डॉक्टर म्हणाले.

"अजून एक. ही जाईन."

"बस म्हटलं ना." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुम्ही जिंकायला बसल्या आहात. खोटं करणारा माणूस हरायला बसतो." मग त्यांनी माझा अंगठा स्वतःच्या हातात घेतला आणि मागच्या वेळी जिथे बघितलंच नव्हतं तिथे, मुळाशी, हाडाच्या आतल्या बाजूला दाबलं. मी या वेळी ओरडले. खोलीच्या बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले.

त्यांनी लिहायला घेतलं. नर्स जखमेवर कापूस लावून हात झटकत होती आणि तिचं मनगट रिकामं होतं. मला उठवेना. नियम मोडून जायची माझी हिंमत नव्हती आणि भरायला अंगठा नव्हता.

सून जमिनीवर बसली. आतापर्यंत ती फक्त पेटी धरायची आणि सुट्टे पैसे द्यायची. दुकानात कधी भरलीच तर साबण लावून, माझ्या चोरून. तिनं नर्सचा हात घेतला, मी केलं तसंच दाबून बघितलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अम्मा, अंगठा कुठे ठेवू?"

"गादीच्या खाली नाही, वर. आता श्वास सोड. तू नाही, तिला सोडायला सांग."

नर्सनं श्वास सोडला आणि चुडी आत गेली. मग दुसरी. डाव्यात सहा, उजव्यात सहा, एकही फुटली नाही. नर्सनं दोन्ही हात वाजवून बघितले. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "हिच्या अंगठ्याला दाखला लागणार नाही."  परत जाताना पेटी मी तिच्याकडे मागितली नाही, जी मी नेहमी मागून घ्यायची.

दाखल्यावर टक्का वाढला, आणि त्याखाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली की चुड्या भरण्याचं काम या हातानं यापुढे होणार नाही. वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. कोणीतरी लिहिलं तर खरं.

प्रकरण लोकअदालतीत तडजोडीला आलं. तो दिवस माझा होता. विमा कंपनीच्या वकिलांनी एक आकडा सांगितला, मी पदर खोचून उठले आणि दारापर्यंत गेले. त्यांनी परत बोलावलं. दुसरा आकडा सांगितला, मी पुन्हा उठले. माझे वकील माझी साडी ओढत होते. "चाची, हा गुजरी बाजार नाई!" मी म्हणाले, "मग ते काऊन भाव करून राह्यले?" तिसऱ्या वेळी मी बसले. आकडा मला पसंत होता. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी तोंड वाकडं करून होकार दिला.

कागद टाईप होऊन सहीला आला. मी तो पूर्ण वाचला. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही. वर लिहिलं होतं, 'व्यवसाय: घरकाम'. टाईप करणाऱ्यानं दवाखान्याच्या कागदावरून उतरवलं होतं.

मी पेन खाली ठेवलं.

"अहो, रक्कम तर चुडीवालीचीच धरली आहे," कंपनीचे वकील म्हणाले.

"मग नाव काऊन दुसरीचं?"

टाईप करणारा जेवायला गेला होता. कंपनीच्या वकिलांना गाडी पकडायची होती. ते घड्याळ बघत म्हणाले की आज सही झाली नाही तर पुढच्या वेळी हाच आकडा राहील याची खात्री नाही. माझे वकील घामाघूम झाले. "चाची, एका शब्दासाठी?" मी हाताची घडी घातली. मनातून मी घाबरले होते, हे आज सांगते. पण उठले नाही.

माझा मुलगा त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. महिनोन्महिने मी त्याच्याशी सरळ बोलले नव्हते, आणि आता तोही काही विचारेनासा झाला होता. तो निघून गेला. मला वाटलं, कंटाळला. थोड्या वेळानं तो टाईप करणाऱ्याला घेऊन आला, त्याच्या हातात डबा तसाच होता. मुलानं त्याला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी उभा राहून सांगायला लागला.

"लिहा. व्यवसाय, चुड्या भरणे व विक्री."

"किती वर्षांपासून?"

मी म्हणाले, "तीसेक लिही."

"तीसेक नाई," मुलगा म्हणाला. "बत्तीस. मी चौथीत होतो. पहिल्या दिवशी टोपली मीच उचलून डोक्यावर ठेवली होती तुझ्या."

मी विसरले होते. त्यानं मोजून ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता तो पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत होता. कागद निघाला, मी डाव्या हातानं तो धरला आणि उजव्या हातानं, वाकडीतिकडी का होईना, सही केली. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "चहा घेतोस का?" सुनेनं तोंडावर पदर धरला, तिचं टपालाचं काम सुटलं होतं.

रागाचं म्हणाल तर दवाखान्याचा तो जुना कागद अजून तसाच आहे, तो कोणी बदलून देत नाही. त्यावर मी अधूनमधून चिडते. चिडायला घरात काहीतरी असावं.

यंदा मार्कंड्याच्या यात्रेत नदीकडच्या रांगेत आमची बैठक होती. सून भरत होती, मी शेजारी बसून डाव्या हातानं हात दाबून मापं सांगत होते, तिच्या साबण न लावण्यावर लक्ष ठेवत होते. ठेकेदाराचा वसुलीवाला आला. जुना ओळखीचा. त्यानं मला बघून आवाज खाली केला.

"चाची, नेहमीसारखे अर्धेच द्या. पावती राहू द्या."

"पूर्ण घे," मी म्हणाले. "आणि पावती फाड. माझ्या नावाची नाही, हिच्या नावाची."